बिनतिखटाची मिरची

तातेरावांना रक्त गेलं आणि पोटात जखम निघाली तेव्हा डॉक्टरनं सगळ्यांत आधी विचारलं, "मिरची किती खाता?" तातेरावांना प्रश्नच कळला नाही. भाकरी किती खाता असं विचारलं असतं तर सांगता आलं असतं. मिरची ही काय मोजून खायची गोष्ट आहे? या माणसानं चाळीस वर्षं मिरची लावली, तोडली, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात पोत्यावर बसून विकली आणि रोज न्याहारीला हिरवी मिरची कांद्यासारखी कराकरा चावून खाल्ली. शेवटी त्यांचा लेक मच्छिंद्र मधे पडला. "खातेत साहेब. लई खातेत."

"आता बंद. एक कणसुद्धा नको," डॉक्टर म्हणाला. रक्त पुन्हा गेलं तर पोट उघडावं लागेल, आणि आहे या अशक्तपणात ते झेपायचं नाही. थंडी सरेपर्यंत पोटभर जेवू घाला, अंगावर मांस येऊ द्या, मग बघू.

डॉक्टरचं सांगायला काय जातं! तातेराव जालन्याच्या दवाखान्यातून घरी आल्यापासून त्यांची सून दैवशाला दोन चुली लावल्यासारखी दोन कालवणं करत होती. एक घरच्यांसाठी, एक मामांसाठी, म्हणजे सासऱ्यासाठी. मामा ताटाकडे बघायचे आणि विचारायचे, "हे काय हाय?"

"दोडक्याचं कालवण, मामा."

"हे कालवण व्हय? पिवळं पाणी हाय." मग अर्धी भाकरी दुधात कुस्करायची, त्यातलीही निम्मी ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. दोन महिन्यांत धोतर कमरेवर टिकेनासं झालं. गळ्याची हाडं वर आली. सासू तुळजाबाई पदर तोंडाला लावून बसायची आणि दैवशाला भरलेलं ताट उचलून शेळीपुढे ठेवायची. पहाटे पाचला उठून केलेल्या स्वयंपाकाची ही किंमत. राग यायचा, पण आजारी माणसावर राग काढणार कसा? तो भांड्यांवर निघायचा, आणि मग भांडी आपटते म्हणून सासूबाईंचं ऐकून घ्यावं लागायचं.

भावकीतल्या भागवतनं यंदा शेडनेटमधे ढोबळी मिरची लावली होती. हिरवी होती तोवर व्यापारी दारात यायचे. मग ते यायचे बंद झाले, आणि मिरची झाडावरच पिकून लालभडक झाली. लाल झालेली वाटेत सडते म्हणून कोणी हात लावीना. भागवत क्रेटच्या क्रेट बांधावर ओतत होता. एक दिवस कापसातून घरी येताना दैवशालेनं त्यातल्या चार पदरात घेतल्या. कशाला घेतल्या, हे तिलाही धड सांगता आलं नसतं. चांगल्या वस्तूची नासाडी बघवत नाही, एवढंच.

घरी येऊन तिनं त्या निखाऱ्यावर भाजल्या, साल काढली, शेंगदाण्याच्या कुटाबरोबर पाट्यावर वाटल्या. पाटा आधी दोनदा राखेनं घासून घेतला. वांग्याचं कालवण केलं तर त्याला असा लाल रंग आला की मच्छिंद्र म्हणाला, "आबाला हे देऊन राह्यली? मारती का काय?"

तातेरावांनी ताटाकडे बघितलं, मग सुनेकडे. "डॉक्टरनं सोडलं काय?"

"खाऊन बघा."

त्यांनी एक घास घेतला. मग दुसरा. दीड भाकरी खाऊन झाल्यावर बोटं चाटत म्हणाले, "रंग बराबर हाय. पण चावत न्हाई. माझ्यावानी म्हातारी झाली वाटतं ही मिरची." दोन महिन्यांत घरात कोणी पहिल्यांदा हसलं. तुळजाबाईनं डोळे पुसले. रिकामं ताट दैवशालेनं शेळीवरून थेट मोरीत नेलं.

तिनं त्याच वेळी ठरवलं की ही मिरची थंडीभर पुरवायची. भागवत दिवाळीच्या आत नेट मोकळं करणार होता. बाजारात ढोबळी मिळायची ती हिरवी, तिला हा रंग कुठला येणार? फ्रिजात ठेवून ठेवून किती ठेवणार, आठ दिवसांत मऊ पडते. वाळवायची, बस्स. या घराला मिरची वाळवायची काय नवलाई होती!

पण वाळवणाची मालकीण होती तुळजाबाई. दोन क्रेट मिरची अंगणात आली तशी ती विळी बाजूला सारून बसली. दैवशाला देठ काढायला लागली तर तिनं हातच धरला.

"देठ काढू नको. देठ म्हंजी दाराची कडी. कडी काढली की आत सगळं शिरतं, मिरची नासती."

"आत्या, पण ही जाड हाय. आतून पोकळ. हिचं पाणी कुठून निघंल? चिरून घालू का?"

"चिरून?" तुळजाबाई हसली. "मिरची चिरून कुणी वाळू घातल्ती का कधी? तुमच्या म्हायेरी आष्टीकडं ज्वारीचं सांगावं बाई, ते ऐकीन. मिरचीचं मला नको शिकवू. माझा जनम गेला हिच्यात."

म्हातारीचं खोटं नव्हतं. तिखट मिरचीचा देठ काढला तर ती आतून बुरसते, हे सगळं गाव जाणतं. पण ही तिखट मिरची नव्हती. दैवशालेला हे दिसत होतं, हाताला कळत होतं. एकेक फळ पाण्यानं जड होतं. तरी ती गप्प बसली. अठरा वर्षं गप्प बसायची सवय होती, ती एका मिरचीसाठी काय मोडायची? दोघींनी मिळून दोन क्रेट मिरची देठासकट स्लॅबवर पसरली.

चौथ्या दिवशी सालीला सुरकुत्या आल्या. तुळजाबाई वर जाऊन बघून आली आणि मान ताठ करून सुनेसमोरून दोनदा गेली. सहाव्या दिवशी वास सुटला. दैवशालेनं एक मिरची दाबली तर बोट आत गेलं आणि काळं पाणी मनगटावर आलं. दुसरी दाबली. तिसरीत अळ्या होत्या. ती एकेक दाबत राहिली, चांगली एकतरी निघेल म्हणून, आणि शेवटी नुसतीच दाबत राहिली. दोन्ही क्रेट उकिरड्यावर गेले. शेळीनं हुंगून तोंड फिरवलं.

"भागवतचं बीच खराब व्हतं," तुळजाबाई म्हणाली.

दैवशालेला सासूचा राग आला त्याहून जास्त स्वतःचा आला. कळत असून वळलं नाही, त्याला काय म्हणायचं? स्वतःच्या तोंडात मारून घ्यावी असं तिला झालं.

दुसऱ्या दिवशी ती भागवतच्या नेटवर गेली. त्यानं निम्मी झाडं उपटून टाकली होती.

"वहिनी, उद्या ट्रॅक्टर घालून राह्यलो. तोडायची तेवढी आजच तोडा," तो म्हणाला. मग झाडं उपटणाऱ्या बायांकडे बघत त्याला चेव आला. "तातेरावकाकाच्या घरात गोड मिरची! बाजारात कुणाला कळू देऊ नका, पिंपळगावची इज्जत जाईल."

बाया खदखदा हसल्या. एक म्हणाली, "घरची मिरची संपली काय गं, दुसऱ्याची उष्टी वेचायला आलीस ते?" दैवशाला झाडांत शिरली. घरची मिरची संपली नव्हती, घरचा माणूस संपत चालला होता. पण ते कुठं चारचौघींत सांगत बसायचं? नेटमधे हवा हलत नव्हती. घाम डोळ्यांत उतरत होता, ब्लाउज पाठीला चिकटला होता. उरलेल्या झाडांत घट्ट, पूर्ण लाल, डाग नसलेली फळं शोधायला दुपार टळली. दोन क्रेट भरले. ते दोन खेपांत डोक्यावर घरी आणताना मान अशी अवघडली की दुसऱ्या दिवशी तिला पूर्ण वळून बघावं लागत होतं.

या वेळी तिनं कोणाला विचारलं नाही. विळी घेतली आणि पहिला देठ उडवला. तुळजाबाई ओट्यावर पाठ करून बसली आणि शेळीशी बोलायला लागली. "बघ बाई, आजकाल शाण्या लई झाल्या. आमी आपल्या येड्या." दैवशाला चिरत राहिली. बी काढायचं, आतली पांढरी शीर काढायची, बोटभर रुंद फाका करायच्या, मीठ चोळून चाळणीत निथळत ठेवायच्या. दोन क्रेट चिरून होईस्तोवर तिच्या अंगठ्याला विळी दोनदा लागली. बाजेवर जुनं नायलॉनचं लुगडं ताणून बांधलं, म्हणजे वारा खालूनही लागेल. वरून मच्छरदाणी टाकली. दिवस मावळला की सगळं उचलून आत, उजाडलं की बाहेर.

दोन दिवस ऊन चांगलं होतं. तिसऱ्या दिवशी ढग आले. चौथ्या दिवशी ती कापसात असताना परतीचा पाऊस आला. ती चिखलातून पळत घरी आली तेव्हा बाज अंगणातच होती. तुळजाबाई दारात उभी.

"आत्या, आत घ्यायची न्हाई का?"

"मला काय म्हाईत? तुझ्या मिरचीला हात लावला तर तुला राग यायचा."

दैवशालेनं ओठ दाताखाली धरला. एक शब्द बाहेर पडला असता तर त्यामागं अठरा वर्षांचे शब्द आले असते. तिनं ओल्या फाका परातींत भरल्या, पडवीतली चूल पेटवली, लाकडं ओढून घेतली आणि निखाऱ्यांवर पराती ठेवल्या. जाळ नको, नुसती धग. सारख्या हातानं उलटत राहायचं, नाहीतर करपतात. उलथन्यानं तुटतात म्हणून बोटांनीच उलटायच्या. असे दोन दिवस. बोटांची टोकं लाल झाली, भाकरी थापताना चरचरायला लागली. मच्छिंद्र येता-जाता बघायचा. "कशाचं खूळ घेतलंस गं? एवढ्या सरपणात लगीन झालं असतं." पण जाताना दोन लाकडं फोडून ठेवायचा, हेही खरं.

ताज्या ठेवलेल्या आठ-दहा मिरच्यांवर तेवढे दिवस तातेरावांचं जेवण चाललं. दीड भाकरी, कधी पावणेदोन. गालावर जरा तेज आलं. ते स्वतःच्या पायांनी मारुतीपर्यंत जाऊन आले. त्या मिरच्या मात्र संपत आल्या.

पुन्हा ऊन पडलं आणि दोन दिवसांत फाका अशा झाल्या की वाकवली की कट करून मोडायच्या. दोन क्रेटच्या मिरचीचा एक स्टीलचा डबा भरला, तीन किलोही नसेल. झाकण उघडलं की गोडसर, धुरकट वास यायचा. दैवशालेनं दिवसातून चार वेळा ते झाकण उघडलं असेल. आता तेवढी पूड करायची राहिली होती. मिक्सरचं भांडं तिनं तीनदा राखेनं घासलं, लिंबू चोळलं, दोन दिवस उन्हात पालथं घातलं, कारण त्यातही या घरात मिरचीच वाटली जायची. मंगळवारी सकाळी लाईट नव्हती. संध्याकाळी आल्यावर करू, असं मनाशी म्हणत ती कापसाला गेली. कोणाला काही बोलली नाही. बोलायचं तरी कोणाशी? सासूबाईंनी पावसापासून अबोला धरलेला.

संध्याकाळी ती आली तेव्हा मच्छिंद्र दारात उभा होता. लग्नातल्या नवरदेवासारखा तोंडभर हसत होता. त्याच्या हातात तिचा डबा होता.

"घे. झालं तुझं काम."

"काय झालं?"

"कांडून आणली. राधेश्यामच्या कांडपावर लई रांग व्हती दिवाळीची. म्या म्हणलं आपलं जल्दीचं हाय, आबासाठी. त्यानं मधी नंबर लावला. भागवतची लवंगी झाली की लगेच आपली. बघ कशी बारीक झाली!"

दैवशालेनं झाकण उघडलं. तिला शिंक आली. तिनं बोट बुडवून जिभेवर ठेवलं, आणि जीभ भाजली. खूप नाही. कोणा पाहुण्याला कळलंही नसतं. पण पोटात जखम असलेल्या माणसाला पुरेल एवढी नक्की. कांडपाच्या उखळात, मुसळांना, पट्ट्याला, त्या खोलीच्या भिंतींना वर्षानुवर्षांचं तिखट चिकटलेलं, आणि त्यावर नुकतीच कांडलेली लवंगी. एका गावात किती म्हणून मिरची असावी!

"तिखट झालीय," ती म्हणाली.

"न्हाई बा. कुठं?" त्यानंही बोट घातलं. "हां... जराशी. पण चव बघ काय आली!"

"मिरचीच्या मशीनीत काहून नेली?"

"मंग मिरची मिरचीच्या मशीनीत न्हाई कांडायची तर काय गव्हाच्या चक्कीत टाकायची?"

"तुमाला कुणी सांगितल्तं न्यायला?"

"सांगायचं काय त्याच्यात? तुझी बोटं भाजलेली दिसून राह्यली मला. म्हणलं तेवढं तरी आपण करावं. म्हून गेल्तो." त्याचं हसू मावळलं होतं. "चुकलं का काय?"

त्यानं दारू पिऊन डबा सांडला असता तरी बरं झालं असतं. चार शब्द बोलून मोकळं तरी होता आलं असतं. प्रेमानं केलेल्या नासाडीला बाई काय बोलणार? तिनं डब्याचं झाकण लावलं. "मला आधी इचारलं असतं तर..." एवढं म्हणून ती खाली बसली. आपणही कोणाला सांगितलं नव्हतं, हे तिला बसल्याबसल्याच आठवलं, आणि त्यानं तर ती आणखीनच चिडली.

उडालेली पूड पडवीत पोचली होती. तातेरावांनी बाजेवरून मान उचलली. नाक वर करून त्यांनी वास घेतला, आणि महिन्याभरात आली नव्हती अशी जान त्यांच्या आवाजात आली. "तिखट आलं का घरात? आण इकडं. तेल टाकून जरासं दे."

"मामा, हे तुमचं न्हाई."

"माझ्यासाठीच करून राह्यली व्हतीस ना?"

"व्हतं तुमच्यासाठी. आता न्हाई."

"घर माझं, आन मला सांगून राह्यली तू न्हाई म्हून?" तातेरावांचा आवाज फाटला. मग ते खोकले आणि भिंतीकडे वळले.

त्या संध्याकाळी कालवण तुळजाबाईनं केलं. फेकून का द्यायचं, चांगलं तीन किलो तिखट आहे, म्हणून तिनं त्यातले दोन चमचे टाकले. कालवणाला अशी लाल तर्री आली की घर वासानं भरून गेलं. मच्छिंद्रनं आधी बायकोच्या तोंडाकडे बघत बघत खाल्लं, मग बघायचं विसरला आणि तिसरी भाकरी घेतली. "रंग बघ की, माय! लगनातबी असं कालवण जमत न्हाई. पुढल्या साली चार क्रेट करू."

तुळजाबाईनं बोट चाटलं. इतक्या दिवसांचा अबोला तिनं त्याच घासाबरोबर गिळला. "देठ काढूनबी बरी झाली गं," ती सुनेकडे बघून म्हणाली.

आठ दिवसांपूर्वी हे ऐकलं असतं तर दैवशालेला आभाळ ठेंगणं झालं असतं. आता तिला ते वाक्य उचलून अंगणात फेकावंसं वाटलं. ज्याच्यासाठी हाडाची काडं केली, त्याच्याशिवाय सगळ्यांना ते कालवण आवडलं होतं. पडवीत तातेरावांचं दूध-भाकरीचं ताट तसंच होतं. दुधावर साय धरली होती. ते ताट आता आपल्यालाच उचलावं लागणार. उद्याही. परवाही.

ती उठली. दुसऱ्या ताटात भाकरी कुस्करली, वर दूध ओतलं आणि पडवीत गेली. सासऱ्याच्या बाजेसमोर जमिनीवर बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जेवायला लागली. अठरा वर्षांत तिनं सासऱ्यासमोर पाण्याचा घोट घेतला नव्हता. या घरात कोणत्याच सुनेनं घेतला नव्हता.

"अगं, दैवशाला!" तुळजाबाई आतून म्हणाली. "काय करून राह्यली? सासरा हाय तो!"

दैवशालेनं घास गिळला आणि दुसरा उचलला. तातेराव वळले. सून समोर बसून जेवते आहे, हे त्यांना आधी खरंच वाटेना. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली, पुन्हा ताटाकडे आणली.

"आत कालवण हाय ना? तू काहून हे खातीस?"

"ते मला उतरंना, मामा."

"काहून?"

"तुमचं भरलं ताट उचलून उचलून कंटाळले म्या. लई कंटाळले." तिचे डोळे वाहत होते आणि ती जेवत होती, दोन्ही एकदमच. "आता तुमी खात न्हाई तवर म्याबी हेच खाईन. थंडी सरंस्तोर."

तातेरावांनी तिच्या ताटाकडे बघितलं. आत मच्छिंद्रचा भाकरी मोडायचा आवाज थांबला होता.

"कसं लागतं?" त्यांनी विचारलं.

"बेकार."

"मीठ टाकलंस का?"

"टाकलं. तरीबी बेकार."

तातेरावांनी हातावर जोर देऊन अंग उचललं, पाय खाली सोडले आणि ताट मांडीवर घेतलं. साय बोटानं बाजूला केली. सुनेकडे न बघता ते जेवू लागले, तीही त्यांच्याकडे न बघता जेवत राहिली. दोघांच्या चावण्याचा तेवढा आवाज येत होता. अर्धी भाकरी संपली, तेव्हा त्यांनी पालथ्या हातानं मिशा पुसल्या.

"बेकारच हाय," ते म्हणाले, आणि ताट पुढं केलं. "चतकोर वाढ अजून."